मंजुरीची काळजी सोडा, ग्रुपवरच्या अंगठ्याची करा

इंदूरच्या सांवेर रोडवर गत्त्याच्या खोक्यांचा कारखाना चालवणाऱ्या एका तरुण उद्योजकाने मला तीन गोष्टी विचारल्या आहेत. थोडक्यात त्या अशा: "ताई, कारखाना बाबांनी उभा केलेला. वर्षाची उलाढाल 38 कोटी. मुंबईची एक मोठी पॅकेजिंग कंपनी साठ टक्के हिस्सा घ्यायला तयार आहे. आमच्या ओळखीतले एकजण म्हणतात, दिल्लीच्या स्पर्धा आयोगाची मंजुरी लागेल, पाच महिने जातील आणि तीस लाख फी भरावी लागेल. खरं आहे का? दुसरं म्हणजे, क्राफ्ट पेपर महागल्यावर आमच्या असोसिएशनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं, की किलोमागे अमुक भावाखाली कोणी माल द्यायचा नाही. मी काही लिहिलं नाही, नुसता अंगठा दिला. त्यात काही अडचण नाही ना? आणि शेवटचं, मोठ्या कंपन्या एकमेकींना गिळतात तेव्हा हा आयोग कुठे असतो?"

पहिल्या प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे आणि तो पाच मिनिटांत सुटण्यासारखा आहे. दुसरा तुम्ही जाता जाता विचारलात, आणि तो वाचून मी खुर्चीत सरसावून बसले. गेली बावीस वर्षं मी इंदुरात कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करते. या आयोगासमोर वकिलांसारखेच सीए आणि कंपनी सेक्रेटरीही उभे राहू शकतात, त्यामुळे ही प्रकरणं मी आतून पाहिली आहेत. आपल्याकडचा छोटा कारखानदार विलीनीकरणाच्या मंजुरीला घाबरतो, जी बहुतेक वेळा त्याला लागतच नाही. ज्या बैठकीत भाव ठरतो तिथे मात्र तो चहा-कचोरी खाऊन निर्धास्त घरी येतो.

मंजुरीचं आधी संपवू. कायदा स्पर्धा अधिनियम, 2002. कंपनीची खरेदी, हिस्सा घेणं, विलीनीकरण यांची तपासणी त्याच्या कलम 5 आणि 6 खाली होते, आणि ही कलमं 1 जून 2011 पासून लागू आहेत. पण प्रत्येक सौदा आयोगाकडे गेला तर आयोगाला दुसरं काही करताच येणार नाही, म्हणून आकड्यांची चाळणी ठेवली आहे. तुमच्या कामाची चाळणी एकच. ज्या कंपनीचा हिस्सा विकला जातोय तिची भारतातली मालमत्ता 450 कोटींच्या आत किंवा भारतातली उलाढाल 1,250 कोटींच्या आत असेल, तर आयोगाला कळवायची गरज नाही. दोन्हींपैकी एक अट पुरी झाली तरी भागतं. मार्च 2024 पूर्वी हेच आकडे 350 आणि 1,000 कोटी होते. विकत घेणारा कितीही मोठा असला तरी इथे बघायचं ते विकल्या जाणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे तुमच्या 38 कोटींकडे. सप्टेंबर 2024 पासून आणखी एक अट आली आहे: सौद्याचीच किंमत 2,000 कोटींच्या वर असेल आणि विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात भरीव व्यवसाय असेल, तर ही सूट मिळत नाही. ती तुम्हाला लागू पडण्याची वेळ आली तर मला पेढे पाठवा.

तुमच्या ओळखीतल्यांनी सांगितलेले आकडे मात्र हवेतले नाहीत. साध्या अर्जाची फी खरंच 30 लाख आहे, सविस्तर अर्जाची 90 लाख. निर्णयाची कमाल मुदत पूर्वी 210 दिवस होती, 2023 च्या दुरुस्तीने ती 150 वर आली, आणि पहिलं मत आयोगाने 30 दिवसांत बनवायचं असतं. दोन कंपन्यांच्या धंद्यात कुठेच एकमेकींशी गाठ पडत नसेल, तर 2019 पासून 'ग्रीन चॅनल' आहे: अर्ज पोचला की मंजुरी मिळाली असं धरलं जातं. हे सगळं बरोबर, पण ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी. शंका राहिलीच तर अर्जाआधी आयोगाच्या अधिकाऱ्यांशी सल्लामसलत करण्याची सोय आहे, तिला पैसे पडत नाहीत. तुमच्या बाबतीत त्याचीही गरज मला दिसत नाही. शेअर खरेदीच्या करारात "सूट लागू आहे" असं एक कलम आणि त्यासोबत तुमचा लेखापरीक्षित ताळेबंद, एवढ्यावर ही फाइल बंद होते.

आता अंगठा.

कायद्याचं कलम 3 स्पर्धकांमधल्या करारांबद्दल आहे. 'करार' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर स्टॅम्प पेपर आणि दोन साक्षीदार येतात. इथे तसं नाही. कायद्याच्या व्याख्येत करार म्हणजे कुठलीही व्यवस्था, कुठलाही समज, एकजुटीने केलेली कुठलीही कृती, मग ती लेखी असो वा नसो, कोर्टात टिकणारी असो वा नसो. ग्रुपवर "18 बीएफ पाच प्लाय या भावाखाली कोणी देऊ नये" (म्हणजे ठरावीक मजबुतीच्या कागदाचा, पाच थरांचा खोका) असा मेसेज येतो, खाली पंधरा जणांचे अंगठे उमटतात. एखाद्या तपास अधिकाऱ्याने कल्पना करून काढली असती त्याहून ही कागदपत्रं स्वच्छ आहेत. कोणी मांडलं, कोणी मान्य केलं, किती वाजून किती मिनिटांनी, सगळं त्यात आहे.

भाव ठरवणं, उत्पादन आवळणं, गिऱ्हाइकं किंवा इलाके वाटून घेणं आणि टेंडरमध्ये संगनमत करणं, या चार प्रकारांत स्पर्धेला अपाय झाला असं कायदा आधीच गृहीत धरतो. आयोगाने अपाय सिद्ध करायचा नसतो, झाला नाही हे तुम्ही सिद्ध करायचं असतं. कंपनी आणि तिच्या डीलरमधल्या करारात असं नाही, तिथे फायदा-तोटा तोलून पाहतात. समोरासमोरच्या दुकानदारांनी हातमिळवणी केली की मात्र गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला जागाच उरत नाही. तुमच्या बाबतीत गिऱ्हाईक कोण? इंदुरातले शेव-नमकीनवाले, पीथमपूरच्या औषध कंपन्या. नमकीनचा एखादा छोटा कारखाना दर महिन्याला तीन बॉक्सवाल्यांकडून भाव मागवतो आणि त्यातल्या त्यात बरा घेतो. ग्रुपवरच्या त्या मेसेजनंतर त्याने तीनच काय, तेरा ठिकाणी फोन केला तरी एकच आकडा ऐकू येणार.

या कलमाचं सगळ्यात शिकवणारं प्रकरण धान्याचं आहे, आणि गव्हाच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला ते लगेच समजतं. गोदामात गहू किडू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. भारतीय अन्न महामंडळाने 2009 मध्ये त्यांचं टेंडर काढलं आणि तीन कंपन्यांनी किलोला बरोबर 388 रुपये भरले. रुपयाचाही फरक नाही. तिघींचा उत्पादनखर्च वेगळा, कारखाने वेगळ्या ठिकाणी, तरी आकडा एक. आयोगाने 2012 मध्ये दंड ठोठावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे 2017 मध्ये न्यायालयाने संगनमत झालं हे कायम ठेवलं, पण दंड मोजताना कंपनीची सगळी उलाढाल न धरता त्या गोळ्यांपुरती 'संबंधित उलाढाल' धरावी असं सांगितलं. एका कंपनीचा जवळपास 64 कोटींचा दंड त्यामुळे तीन कोटींच्या आत आला.

हे ऐकून लहान कारखानदारांना हायसं वाटतं. त्यांना मी नेहमी एकच विचारते, तुमच्या कारखान्यात खोक्यांशिवाय दुसरं काय बनतं? दहा धंदे असलेल्या कंपनीला 'संबंधित उलाढाली'ने वाचवलं, कारण गोळ्या हा तिच्या धंद्यातला एक कोपरा होता. तुमची संबंधित उलाढाल म्हणजे तुमची अख्खी उलाढाल. त्यात 2024 च्या दंडविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आयोग संबंधित उलाढालीच्या सरासरीच्या 30 टक्क्यांपर्यंत आकडा धरून मोजायला सुरुवात करू शकतो. त्याला कायद्याने घातलेली कमाल मर्यादा आहेच, पण कार्टेलसाठी, म्हणजे स्पर्धकांच्या अशा संगनमतासाठी, ती मर्यादाच मोठी आहे: संगनमत चाललं त्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्के, यातलं जे जास्त ते. आणि कंपनीपाशी हे थांबत नाही. कारभार पाहणाऱ्या व्यक्तींनाही मागच्या तीन वर्षांच्या सरासरी उत्पन्नाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे तुम्ही, आणि अजून संचालक असलेले तुमचे बाबाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी तुम्हाला उगाच घाबरवलं असं होईल. भाव सारखे असणं हा स्वतःहून गुन्हा नाही. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरचं टेंडर इंडियन ऑइलने काढलं होतं, त्यात चाळीसहून जास्त उत्पादकांनी अगदी जवळजवळचे किंवा सारखे भाव भरले. टेंडरच्या आधी मुंबईच्या एका हॉटेलात त्यांची बैठकही झाली होती. आयोगाने सगळ्यांना दंड केला. पण ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या बाजारात विकत घेणारे मूठभर, सगळे सरकारी, मालाचं माप ठरलेलं, भाव घासाघीस करून खाली आणण्याची ताकद खरेदीदाराच्या हातात. अशा ठिकाणी भाव आपोआप एका रेषेत येऊ शकतात, असं न्यायालयाने मानलं. इंदूरच्या सियागंज बाजारात साखरेचा भाव दहा दुकानांत सारखा असतो, तोही कोणी बसून ठरवलेला नसतो, सकाळच्या वायदे-भावावरून आणि एकमेकांच्या पाट्या बघून तो तसा येतो. शेजाऱ्याची पाटी बघून आपला भाव बदलणं हा धंदा झाला. शेजाऱ्याला विचारून बदलणं मात्र संगनमत.

तुमच्या अडचणीची गंमत नाही, गांभीर्य असं आहे की इथे भाव सारखे का झाले याचा अंदाज बांधावाच लागत नाही. गोळ्यांच्या प्रकरणात आयोगाला परिस्थिती जुळवत बसावं लागलं, टेंडर उघडलं त्या वेळच्या भेटवहीतल्या नोंदीसुद्धा पाहाव्या लागल्या. तुमच्या ग्रुपवर तुम्ही स्वतः ते लिहून ठेवलं आहे.

"पण असोसिएशनने ठरवलं, मी कुठे ठरवलं?" हा बचाव मी कितीदा ऐकलाय. कलमात व्यक्तींची, उद्योगांची आणि त्यांच्या संघटनांची नावं शेजारी-शेजारी आहेत. आणि हे काही दिल्ली-मुंबईचं ऐकीव नाही, आपल्या गावातलं उदाहरण आहे. दवा बाजारात ज्यांचं रोजचं जाणं-येणं आहे त्यांना ठाऊक आहे, की एके काळी कंपनीला नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर केमिस्ट संघटनेची एनओसी लागायची. कायद्यात अशी एनओसी कुठेच नाही. ड्रग लायसन्स असलं की माणूस माल घेऊ शकतो. पण एनओसीशिवाय नेमणूक केली तर बाकीचे दुकानदार त्या कंपनीच्या मालाकडे पाठ फिरवतील, ही भीती. जून 2019 मध्ये आयोगाने मध्य प्रदेश केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट असोसिएशन आणि इंदूर केमिस्ट्स असोसिएशन या दोन्ही संघटनांना, आणि सोबत दोन औषध कंपन्यांनाही, याच प्रकारासाठी दंड केला. त्याच्या पुढच्या अपिलांमध्ये इथे शिरत नाही. बडोद्याच्या केमिस्ट संघटनेवर 2012 मध्येच अशी कारवाई झाली होती. मला यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळी वाटते: तक्रार कुणा मोठ्या कंपनीने केली नव्हती. इंदूरच्या प्रकरणात औषध व्यापाऱ्यांचंच दुसरं मंडळ आयोगाकडे गेलं होतं. ज्याच्यासाठी दार बंद केलंत तोच एक दिवस दिल्लीचं दार ठोठावतो. एकट्या व्यक्तीला तक्रार दाखल करायला पाच हजार रुपये फी लागते, फार नाही.

एक प्रसंग सांगते, गावाचं, धंद्याचं नाव न घेता. एका व्यापारी संघटनेने मला त्यांच्या वार्षिक सभेला बोलावलं होतं, नोंदणीचे कागद अद्ययावत करायचे होते. हॉटेलच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं, पुढे पांढरा फळा. जीएसटीवर बोलणं झालं, एका सभासदाच्या मुलीचा दहावीतल्या गुणांबद्दल सत्कार झाला. मग अध्यक्ष उठले आणि फळ्यावर मालाच्या पाच प्रकारांची नावं लिहून त्यांच्यापुढे पाच आकडे टाकले. कोणाचा आवाज चढला नाही. मागच्या रांगेतून एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "दोन रुपये कमी धरा, नाहीतर देवासवाले घुसतील." आकडा पुसून नवा लिहिला गेला. सचिव इतिवृत्तात हिंदीत लिहीत होते: "सर्वसम्मति से निर्णय लिया गया कि." मी त्यांच्या शेजारी बसले होते, पेन थांबवायला सांगितलं. ते दचकले. "मॅडम, पारदर्शकता पाहिजे ना?" त्यांना मनापासून वाटत होतं की लिहून ठेवणं हाच प्रामाणिकपणा. त्या चाळीस जणांत लबाड एकही नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मालाचे भाव पडले होते, दोघांचे कारखाने बँकेने ताब्यात घेतले होते, ते एकमेकांना सावरायला जमले होते. तिथे उभं राहून "हे बेकायदा आहे" म्हणताना मला त्रास झाला. पण म्हणाले. तिसऱ्या रांगेतला एक तरुण उठला, "मी या विषयात नाही, माझं नाव तसं लिहा" म्हणाला आणि निघून गेला. बाकीच्यांना तो शिष्ट वाटला असेल. त्या दिवशी पूर्णपणे सुरक्षित घरी गेलेला तो एकटाच होता. अशा बैठकीत गप्प बसणं संमतीत जमा होतं. आपण वेगळे आहोत हे उघड सांगून उठावं लागतं आणि त्याची नोंद राहावी लागते.

मग क्राफ्ट पेपरचं काय करायचं? तुमची तक्रार खोटी नाही. रीलचा भाव चढतो तेव्हा मिलवाले एका आठवड्यात वाढवतात, आणि नमकीनवाला तुम्हाला तीन महिने जुन्या दराने माल मागतो. मधल्या मधे चेपला जातो तो बॉक्सवाला. पण त्यावर एकत्र येऊन करण्याजोगं बरंच काही कायद्याच्या आत आहे. आयात शुल्क, जीएसटी, रद्दी कागदाचा पुरवठा यांवर सरकारकडे संयुक्त निवेदन द्या. मिलवालेच आपसात भाव ठरवतात असा तुमच्याकडे पुरावा असेल तर त्यांच्याविरुद्ध आयोगाकडे जा. आयोगाने 2021 मध्ये लिहिण्या-छापण्याच्या कागदाच्या उत्पादकांना आणि त्यांच्या संघटनेला असाच दंड केला आहे, म्हणजे हा रस्ता नुसता कागदावर नाही. सभासदांना खर्च कसा मोजायचा याचं प्रशिक्षण द्या, कारण मी पाहिलेले निम्मे लोक चुकीच्या भावात माल विकतात ते स्पर्धेमुळे नव्हे, वेस्टेज न धरल्यामुळे. आणि आपापल्या गिऱ्हाइकाशी, एकेकट्याने, पेपरच्या भावाशी जोडलेला दर ठरवून घ्या: पेपर इतका वाढला की खोका आपोआप इतका वाढेल. हे तुमचं आणि त्याचं बोलणं आहे. तुमच्या शेजारच्या कारखान्याला त्यात बसवलंत की खेळ बिघडला.

लहान उद्योगांना आयोग दया दाखवतो हेही खरं. रेल्वेच्या ब्रेक ब्लॉकच्या टेंडरमध्ये दहा कंपन्यांचं संगनमत सिद्ध होऊनही जुलै 2020 मध्ये आयोगाने पैशाचा दंड लावला नाही, पुन्हा करू नका एवढंच सांगितलं. त्यांतल्या बऱ्याच कंपन्या लहान-मध्यम होत्या आणि कोविडचा काळ होता. पण 2018 मध्ये पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रियेच्या टेंडरमध्ये डमी निविदा भरणाऱ्या लहान फर्म आणि त्यांचे मालक सुटले नव्हते. दया हा आयोगाचा अधिकार आहे, तुमचा हक्क नव्हे. तिच्यावर धंद्याचं गणित बसवू नका. आणि शेवटी दंड माफ झाला तरी मधली चार वर्षं नोटिसा, दिल्लीच्या फेऱ्या आणि आयोगासाठी तपास करणाऱ्या महासंचालकांच्या कार्यालयात शपथेवर जबाब, हे कोणाला चुकत नाही.

आता तुमचे दोन्ही प्रश्न एका जागी येतात, ते नीट वाचा. मुंबईची कंपनी पैसे ओतण्याआधी तुमची तपासणी करेल. तिचे वकील जी प्रश्नावली पाठवतील त्यात हमखास एक ओळ असते: कंपनी किंवा तिचे संचालक स्पर्धकांशी भाव, गिऱ्हाईक वा टेंडर यांबाबत कधी संपर्कात होते का? तिथे "नाही" लिहिलंत आणि पुढे अंगठा सापडला, तर करारातल्या हमीचा भंग होईल आणि तुमच्या बाबांच्या हाती आलेल्या पैशातून भरपाई कापली जाईल. कंपनीचा हिस्सा विकला म्हणून तिची जुनी जबाबदारी पुसली जात नाही, ती कंपनीसोबत जाते, म्हणूनच विकत घेणारा त्याबद्दल इतका खोदून विचारतो. शिवाय तीही पॅकेजिंग कंपनीच. म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत ती तुमची स्पर्धक आहे. मंजुरी लागत नाही याचा अर्थ कलम 3 थांबलं असा नाही. गिऱ्हाईकवार चालू दर, पुढच्या तिमाहीचे कोटेशन, कोणाला किती डिस्काउंट, हे तिच्या विक्री विभागाच्या हातात देऊ नका. आकडे लागणारच असतील तर ते तिच्या बाहेरच्या सीए-वकिलांना द्या, किंवा गिऱ्हाइकांची नावं झाकून, एकत्रित बेरजा करून.

आणि कृपा करून, ग्रुपवरचे मेसेज पुसू नका. पंधरा फोनवर ते आहेत, तुमच्या एका फोनवरून गेले तर गोष्ट तुमच्याविरुद्धच जाईल. पुसण्यापेक्षा उपयोगी रस्ता कायद्यानेच ठेवला आहे. संगनमतात असलेल्यांपैकी जो पहिला आयोगाकडे जाऊन पूर्ण, खरी माहिती देतो त्याचा दंड शंभर टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. दुसऱ्याचा पन्नास, तिसऱ्याचा तीस. बॅटरी सेलच्या प्रकरणात 2018 मध्ये पॅनासोनिकने सगळं उघड केलं, तिचा दंड शंभर टक्के माफ झाला, बाकीच्या कंपन्यांनी भरला. बियरच्या भावांच्या प्रकरणातही 2021 मध्ये पहिली पुढे आलेली कंपनी सुटली आणि बाकीच्यांवर मिळून 870 कोटींच्या वर दंड बसला. ही रांग आहे, आणि रांगेत आपला नंबर लावायला आधी एक फोन किंवा ईमेल पुरतो, बाकीचे कागद आयोगाने दिलेल्या मुदतीत. तुम्ही ती वाट धरावी का, हे मी ग्रुप न बघता सांगणार नाही. एकदाच मेसेज आला आणि कोणी पाळला नाही, हे एक. दर महिन्याला यादी येते आणि बिलं त्याच भावाने निघतात, हे पूर्ण वेगळं.

तिसऱ्या प्रश्नात राग आहे, आणि तो मला पटतो. पण आयोग अगदीच झोपलेला नसतो. सन फार्माने रॅनबॅक्सी घेतली तेव्हा आयोगाने 'औषधांचा बाजार' असा एक ढोबळ गठ्ठा धरला नाही. रक्तदाबाच्या गोळीऐवजी मधुमेहाची गोळी चालत नाही, म्हणून औषधद्रव्यानुसार एकेक बाजार वेगळा धरून पाहिला, आणि जिथे दोघी मिळून फार भारी होत होत्या अशी सात उत्पादनं दुसऱ्या कोणाला विकायची अट घालून डिसेंबर 2014 मध्ये परवानगी दिली. बायर-मोन्सँटोच्या वेळी 2018 मध्येही बियाणं आणि तणनाशकांच्या धंद्याचे काही भाग विकायला लावले. निमाडात कापूस लावणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो. चुकतं ते चाळणीत. पीव्हीआर आणि आयनॉक्स यांचं विलीनीकरण 2022 मध्ये जाहीर झालं तेव्हा कोविडमध्ये थिएटरं बंद राहिल्याने उलाढाल त्या वेळच्या 1,000 कोटींच्या रेषेखाली गेली होती, आणि देशातल्या दोन सगळ्यात मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या तपासणीशिवाय एक झाल्या. एका ग्राहक संघटनेने तक्रार केली, ती आयोगाने फेटाळली. कायद्याच्या अक्षराप्रमाणे ते बरोबर असेल. माझ्या मते बंद दुकानाचा गल्ला बघून दुकानाचा आकार ठरवला गेला. सौद्याच्या किमतीची नवी अट मुख्यतः उलाढाल नसलेल्या पण अवाढव्य किमतीला विकल्या जाणाऱ्या डिजिटल कंपन्यांसाठी आली आहे, आणि ती यायला हवीच होती. 2014 मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲपला 19 अब्ज डॉलर देऊ केले तेव्हा आपल्या कायद्याच्या चाळणीत फक्त मालमत्ता आणि उलाढाल मोजली जात होती.

तेव्हा आता करायचं ते एवढंच. ग्रुपचे सुरुवातीपासूनचे सगळे मेसेज एक्स्पोर्ट करून जपून ठेवा, त्यानंतरच्या तीन महिन्यांची विक्रीबिलं काढा आणि माझ्याकडे किंवा तुमचा विश्वास असेल त्या वकिलाकडे घेऊन जा. वकिलाकडे गेलात तर बरंच, कारण अशिलाचं वकिलाशी झालेलं बोलणं कायद्याने सुरक्षित असतं, माझ्याशी झालेलं तसं नसतं. रांगेत नंबर लावायचा की नाही हे ठरेपर्यंत ग्रुपवर चकार शब्द लिहू नका, नाहीतर तुमच्या आधी दुसराच कोणी दिल्लीला पोचेल. नंबर लावायचा नाही असं ठरलं, तर वकिलाला दाखवून ग्रुपवर एवढं लिहा आणि बाहेर पडा: "माझी कंपनी आपले विक्रीदर स्वतंत्रपणे ठरवते. दरांबाबतच्या कुठल्याही चर्चेत वा निर्णयात ती सहभागी नाही आणि यापुढे असणार नाही. आधी दिलेली संमती मी मागे घेत आहे." खाली नाव, तारीख. तोच मजकूर असोसिएशनच्या सचिवांना ईमेलने पाठवा. आणि त्या दिवसापासून तुमचं प्रत्येक कोटेशन तुमच्या स्वतःच्या खर्चाच्या तक्त्यावरून निघू द्या. तो तक्ता तारखेसकट फाइलला लावत जा.